दुसरा मैल

येशूच्या काळात रोमन शिपाई वाटेवरच्या कुणाही माणसाला अडवून आपलं ओझं वाहायला लावू शकत असे. नाही म्हणायची सोय नव्हती. कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर येशूचा वधस्तंभ चढवला गेला, तो याच वेठीच्या जोरावर. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, असं कुणी एक मैल नेलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. पहिल्या मैलाला सक्ती आहे. दुसऱ्या मैलावर मात्र आपल्याला कुणी पाठवलेलं नसतं.

नगर जिल्ह्यातल्या मिशन दवाखान्यांत माझी नोकरी झाली. या वचनावरचे उपदेश मी पुष्कळ ऐकले. बहुतेकांचा अर्थ एवढाच, की जास्त काम करा. मला तो अपुरा वाटतो.

एक तर पहिला मैल पुरता चाललेला हवा. औषध वेळेवर देणं, चार्ट खरा भरणं, पुढच्या पाळीच्या सिस्टरला नीट हँडओव्हर देणं हे रुग्णाचं हक्काचं आहे. ते टाळून खाटेपाशी प्रार्थनेला उभं राहणाऱ्याचा पहिलाच मैल बाकी असतो. दुसरं असं, की दुसरा मैल मागून घेता येत नाही. पगार थकलेल्या वॉर्डबॉयला ‘ही प्रभूची सेवा आहे’ असं सांगताना मी वरिष्ठांना ऐकलं आहे. मालकाने मागितला की दुसरा मैलही वेठीचाच होतो. चर्चच्या संस्थांनी हे फार जपायला हवं.

खरा दुसरा मैल कसा असतो, ते नगर जिल्ह्यातल्याच जामखेडला दिसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी मनापासून उपचार केले. पण हगवणीचं मूल सलाईनवर बरं होऊन घरी जाई, तेच घाण पाणी पिई आणि पुन्हा दाखल होई. डॉक्टर म्हणून त्यांचं काम दवाखान्याच्या फाटकाशी संपत होतं. त्यांनी ते तिथे संपू दिलं नाही. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन 1970 साली ते जामखेडसारख्या दुष्काळी भागात आले.

तिथे लोकांना आधी पाणी आणि धान्य हवं होतं, औषध नंतर. मग विंधनविहिरी आल्या. त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे बाकी गावाला तिथे येणं भाग पडलं. गावोगाव शिकलेल्या नर्स ठेवायचा बेत जमला नाही, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या. कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्या जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन शिकवत: बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, मुलांचं वजन कसं घ्यायचं, लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ घालून हगवणीच्या मुलाला कसं पाजायचं. 1971 च्या सुमारास त्या भागात हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. 1990 च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माझ्या मते त्यांचं मोठेपण याहून वेगळ्या गोष्टीत आहे. डॉक्टरकीची विद्या त्यांनी अशा बाईच्या हाती दिली, जिच्या हातचं पाणीसुद्धा गाव घेत नव्हतं.

सगळ्यांनी जामखेड उभं करावं असं मी म्हणत नाही. वॉर्डातही ही वाट सापडते. डिस्चार्जच्या वेळी आम्ही सरसकट सांगायचो, पाणी उकळून द्या. कार्डावर तसं लिहिलं की आमचं काम झालं. पुढे मी आयांना विचारू लागले: सरपण कुठून आणता? दिवसाला किती पुरतं? एखादी म्हणायची, स्वयंपाकालाच पुरत नाही. तिला मग उकळायचं न सांगता हंडा झाकून ठेवायला, ओगराळ्याने पाणी काढायला आणि पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध किती थेंब घालायचं ते शिकवायचं, आणि ती बाटली तिच्या हाती देऊनच तिला सोडायचं.