पहिला रेझर कोणता घ्यावा?

आजचा भाग दाढीचा आहे. घरच्या घरी ब्रशनं साबणाचा फेस करायचा आणि जुन्या पद्धतीच्या रेझरनं दाढी करायची, असं ठरवलं तर पहिला रेझर कोणता घ्यावा, एवढंच आज बघू.

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. पहिल्यांच्या गळ्यावर दाढीनंतर लाल पुळ्या येतात, जळजळ होते. दुसऱ्यांना कार्ट्रिजचा खर्च नकोसा झालेला असतो. दोघांचीही तक्रार रास्त आहे.

आधी पुळ्यांचं बघू. तीन किंवा पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पुढचं पातं केसाला किंचित ओढतं आणि तो मागे सरकायच्या आत मागचं पातं कापतं. त्यामुळे खुंट त्वचेच्याही खाली राहतो. गाल गुळगुळीत लागतो खरा, पण ज्यांचे केस राठ आणि कुरळे आहेत त्यांचा केस वाढताना बाहेर न येता आतच वळतो. मग पुळी येते. एकाच पात्याचा रेझर केस त्वचेलगत कापतो, इतका खोल जात नाही. त्यामुळे पुष्कळांचा हा त्रास कमी होतो. सगळ्यांचा होतोच असं नाही. पुळ्यांत पू होत असेल, डाग पडत असतील, तर रेझर बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता खर्च. वर्षात २५० वेळा दाढी केली आणि एक पातं पाच दाढ्या चाललं, तर ५० पाती लागतात. पातं ५ रुपयांचं धरलं तर वर्षाचे २५० रुपये. दीडशे रुपयांचं कार्ट्रिज १५ दाढ्या चाललं, तर १७ कार्ट्रिज लागतात, म्हणजे अडीच हजारांच्या वर. तुमच्याकडचे भाव घालून हाच हिशेब करून बघा.

वस्तरा की सेफ्टी रेझर?

जुन्या पद्धतीचा रेझर म्हटलं की काही जणांच्या डोळ्यांसमोर न्हाव्याच्या धोपटीतला वस्तरा येतो. तो देखणा असतो, पण त्याची निगा मोठी. प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, काही महिन्यांनी दगडावर धार लावायची, आणि उजव्या-डाव्या गालासाठी हात बदलायला शिकायचं. हल्ली सलूनमध्ये दिसतो तो वस्तरा वेगळा. त्यात पातं मधून मोडून अर्धं घालतात. तिथे धार लावायची कटकट नाही, पण धारेपुढे आडही काही नाही. घरी पहिल्यांदा शिकणाऱ्यानं दोन्ही वस्तरे बाजूला ठेवावेत.

उरला सेफ्टी रेझर, म्हणजे दुधारी पात्याचा. किंग कॅम्प जिलेट यांना त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं. कल्पना साधी आहे. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं पातं झाकण आणि तळपट्टी यांच्यामध्ये दाबून किंचित वाकवायचं. वाकलं की ते ताठ होतं, थरथरत नाही. तळपट्टीची कड त्वचेला आधार देते आणि धार थोडीशीच बाहेर डोकावते.

खरा फरक इथे आहे

धार किती बाहेर डोकावते आणि कड व पातं यांच्यात फट किती, यावर रेझर मवाळ की आक्रमक ते ठरतं. विकणारे ‘माइल्ड’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ म्हणतात ते हेच. आक्रमक रेझर जास्त चांगला, असा समज बराच आहे. तसं नाही. चार दिवसांचे राठ खुंट एका फेरीत काढायला तो उपयोगी, पण हाताचा कोन जरा चुकला की त्वचा सोलवटते. मवाळ रेझरला दोन फेऱ्या लागतील, पण तो चुका पोटात घालतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: पहिला रेझर मवाळ घ्या. कड सलग असलेला घ्या, कंगव्यासारखे दाते असलेला नको. फट कमी-जास्त करता येणारे रेझरही मिळतात. ते वाईट नाहीत, पण नवशिक्याला मोह होतो आणि तो तिसऱ्याच दिवशी आकडा वाढवतो.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. तीन तुकड्यांत सुटा होणारा रेझर धुवायला सोपा आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. मूठ फिरवली की डोकं फुलपाखरासारखं उघडतं तो प्रकार सोयीचा, पण त्याच्या सांध्यांत साबण साचतो. स्वस्त रेझर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोमचा मुलामा. मुलामा उडाला की आतला धातू खराब होऊ लागतो, म्हणून वापरून झाल्यावर कोरडा करून ठेवा. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा रेझर परवडत असेल तर तो मुलांच्याही कामी येईल. मुठीवर खाचा असाव्यात, नाहीतर साबणाच्या हातातून निसटतो. पातं लावल्यावर समोरून बघा: दोन्ही बाजूंना धार सारखीच दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर सैल करून पुन्हा बसवा. तरीही तसंच राहिलं तर रेझर परत करा.

घरात आजोबांच्या पेटीत जुना दुधारी रेझर असेल तर नवा घ्यायची घाई करू नका. आजचं पातं बहुधा त्यातही नीट बसतं. गंज आणि वाकलेली कड तेवढी तपासा.

रेझर बदलण्याआधी

दाढी नीट होत नसेल तर आधी पातं बदला. प्रत्येक कंपनीच्या पात्याची धार आणि त्यावरचा लेप वेगळा असतो. चार-पाच प्रकारची पाती आणा, प्रत्येकाला आठवडा द्या आणि रेझर, साबण तेच ठेवा. तरच फरक कशामुळे पडला ते कळेल.

मग पाण्याकडे बघा. हैदराबादला असा, इंदूरला असा की बंगळुरूला, घरात बोअरचं जड पाणी येत असेल तर साबणाला फेस धरत नाही, आणि दोष रेझरला जातो. फेसापुरतं वाटीभर फिल्टरचं पाणी वापरून बघा.

शेवटी हात. कार्ट्रिज दाबून चालवायची सवय असते, ती इथे सोडावी लागते. रेझरच्या वजनावरच काम होऊ द्या. मूठ गालाशी साधारण ३० अंशात धरा आणि छोटे छोटे हात मारा. खुंट कुठल्या दिशेनं वाढतात ते आधी बोट फिरवून बघा. गळ्यावर ती दिशा बहुतेक वेळा वेगळी असते. पहिले पंधरा दिवस त्या दिशेनंच चला, उलटं जाऊ नका. नंतर गार पाणी आणि ओली तुरटी पुरे.

कोणी घेऊ नये

ज्यांचा हात थरथरतो किंवा जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्यासाठी विजेवरचं दाढीचं मशीनच बरं. वडिलांना साठीची भेट म्हणून रेझर देणार असाल तर आधी हे विचारून घ्या. रेझर आणि पाती घरात सगळ्यांची वेगळी हवीत. रक्तातून पसरणारी कावीळ एकमेकांच्या पात्यानं लागू शकते. विमानानं जाताना पाती चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत चालत नाहीत.

वापरलेलं पातं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. आपला कचरा कोणीतरी हातानं वेगळा करत असतं. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, झाकणाला बारीक चीर पाडा आणि पाती त्यात टाकत जा. ५० पाती म्हणजे फार जागा लागत नाही, एक डबा बरीच वर्षं पुरतो. भरला की तोंड चिकटपट्टीनं बंद करून वर ठळक अक्षरांत ‘पाती’ असं लिहा. परराज्यात राहत असाल तर तिथल्या भाषेतही लिहा, आणि डबा कचरा नेणाऱ्यांच्या हातात वेगळा द्या.

पुढच्या भागात ब्रश आणि साबण. तोवर नमस्कार.