सीआरपी वाढला, म्हणजे हृदय धोक्यात?

‘फुल बॉडी चेकअप’च्या अनेक पॅकेजांत आता एचएस-सीआरपी ही रक्तचाचणी असते. सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) हे यकृतात तयार होणारे प्रथिन; एचएस-सीआरपी म्हणजे त्याची अतिसंवेदनशील मोजणी. 1930मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लागला. शरीरात कुठेही दाह असला की ते वाढते. धमनीतल्या चरबीच्या थरातही दाह असतो, म्हणून हृदयविकाराच्या संदर्भात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे अल्प धोका, 1 ते 3 मध्यम आणि 3 हून अधिक म्हणजे जास्त धोका मानतात. पण दाह नेमका कुठे आहे, हे हा आकडा सांगत नाही. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचा ताप असताना किंवा हिरड्या सुजल्या असतानाही तो चढू शकतो. 10 च्या वर गेल्यास आधी संसर्ग शोधावा आणि बरे झाल्यावर चाचणी पुन्हा करावी.

मग चाचणी निरुपयोगी का? तसेही नाही. 2017च्या ‘कँटोस’ या औषध-अभ्यासात कोलेस्टेरॉल न घटवता फक्त दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयरुग्णांमधले झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू एकत्रितपणे सुमारे 15 टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले. तरी झटके घटले, म्हणजे दाहाचा हृदयविकारात वाटा आहे. पण जनुकीय अभ्यासांनुसार सीआरपी स्वतः रोगाचे कारण नाही, तो धुरासारखा सूचक आहे. म्हणून रक्तदाब, साखर, एलडीएल कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि घराण्यातला इतिहास आधी पाहावा. त्यानंतरही निर्णय अधांतरी राहिला, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने ही चाचणी करावी. एकट्या आकड्यावरून घाबरू नये, आणि निर्धास्तही राहू नये.