हद्दीपलीकडची बस

निगडीहून मनपाकडे निघालेली पीएमपीची गाडी दापोडीपर्यंत बीआरटीच्या, म्हणजे जलद बससेवेच्या, राखीव मार्गिकेतून येते. इथली स्थानके रस्त्याच्या आतल्या बाजूला असल्याने प्रवाशांची चढउतार चालकाच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या दाराने होते. दापोडी सुटली की हॅरिस पूल लागतो, खाली मुळा नदी. पूल ओलांडून गाडी बोपोडीत शिरली की राखीव मार्गिका संपते आणि डावे दार उघडू लागते. रिक्षा, दुचाक्या, मोटारी यांच्यातून वाट काढत ती खडकी कॅन्टोन्मेंटमधून वाकडेवाडीला आणि तिथून शिवाजीनगरमार्गे महापालिका भवनाजवळच्या थांब्यावर येते. एवढ्या प्रवासात पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे महापालिका आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड असे तीन कारभार येऊन जातात. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला त्यांतला एकही दिसत नाही. त्याला दिसतो तो रस्ता, आणि रस्ता मध्येच का बदलला हे कोडे.

या कोड्याचे उत्तर शोधण्याचे काम ज्या संस्थेकडे आहे तिचे पूर्ण नाव पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड. तोंडात बसलेले नाव पीएमपी. जुने पुणेकर अजून तिला पीएमटीच म्हणतात.

पीएमटी ही पुण्याची. १९५० मध्ये पुण्याला महापालिका मिळाली आणि सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीकडची शहर बससेवा महापालिकेने आपल्याकडे घेतली. नदीपलीकडची कहाणी वेगळी आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग टेल्को आणि बजाजसारखे मोठे कारखाने आले, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची कामगारनगरी झाली. १९७० मध्ये तिथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. या दोन टप्प्यांच्या मध्ये, १९७४ साली, पीसीएमटी ही पिंपरी-चिंचवडची स्वतःची बससेवा सुरू झाली होती. पुण्याच्या पेठांत राहणारा कामगार पिंपरीत पाळीवर जाई आणि पिंपरीतले विद्यार्थी शिकायला पुण्यात येत. माणसांची ये-जा एकच होती, पण ती वाहून नेणारे उपक्रम दोन, त्यांची आगारे वेगळी, हिशेब वेगळे, कामगारांच्या वेतनश्रेणी वेगळ्या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दोघांच्याही गाड्या धावत.

२००७ मध्ये दोन्ही उपक्रमांचे विलीनीकरण होऊन पीएमपी ही कंपनी झाली. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून शहरांना बसगाड्या आणि बीआरटीसाठी पैसा मिळण्याचा तो काळ होता. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला बीआरटी मार्ग पुण्यात सुरू झालेला होता. कंपनीचे भागधारक दोन महापालिका. संचालक मंडळावर दोन्हीकडचे आयुक्त आणि पदाधिकारी. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक राज्य सरकारने नेमलेला सनदी अधिकारी. मुख्य कार्यालय स्वारगेटला, शंकरशेठ रस्त्यावर.

या संस्थेचा कणा एका गुणोत्तरात आहे: ६० आणि ४०. बस चालवण्याचा खर्च तिकिटातून पूर्ण निघत नाही. भारतातल्या कोणत्याही मोठ्या शहरात तो निघत नाही आणि तसा आग्रह धरणेही बरोबर नाही, कारण बसमुळे रस्त्यावरची गर्दी आणि हवेतला धूर कमी होतो, त्याचा लाभ बसमध्ये न बसणाऱ्यालाही मिळतो. खर्च आणि उत्पन्न यांतल्या या फरकाला संचलन तूट म्हणतात. तिच्यातला ६० टक्के वाटा पुणे महापालिका उचलते, ४० टक्के पिंपरी-चिंचवड. शेजाऱ्यांनी मिळून चालवलेल्या सेवेला असा लेखी आणि ठरलेला वाटा लागतोच. तो नसता तर ही कंपनी दोन-तीन वर्षांतच मोडली असती.

वाटा ठरला म्हणून कुरबुर थांबली असे झाले नाही. आपल्याला सापत्न वागणूक मिळते, नव्या गाड्या पुण्यातल्या मार्गांवर जातात आणि जुन्या आपल्याकडे येतात, अशी तक्रार पिंपरी-चिंचवडमधून वर्षानुवर्षे होत आली. पीसीएमटी पुन्हा वेगळी करा, ही मागणीही अधूनमधून उठली. दोन उपक्रमांतल्या कामगारांची सेवाज्येष्ठता आणि वेतन एका पातळीवर आणणे हे तर विलीनीकरणातले सर्वांत किचकट काम ठरले. त्यात वरिष्ठ अधिकारी फार टिकले नाहीत. श्रीकर परदेशी यांच्याकडे पीएमपीचा काही महिनेच अतिरिक्त कार्यभार होता, तेवढ्यात त्यांनी आगारांत बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करून मार्गावर आणण्याचा धडाका लावला. तुकाराम मुंढे २०१७ मध्ये आले आणि वर्षभराच्या आत बदलून गेले. चांगला अधिकारी संस्थेला वेग देऊ शकतो. पण बसगाड्यांची खरेदी, आगारांच्या जागा, मार्गांची फेररचना ही पाच-सात वर्षांची कामे आहेत, आणि ती दरवर्षी बदलणाऱ्या खुर्चीवरून होत नाहीत.

बस एकाची आणि रस्ता दुसऱ्याचा असला की काय होते, हे कळण्यासाठी बीआरटीचा अनुभव बारकाईने पाहण्याजोगा आहे. २०१५ पासून ‘रेनबो’ या नावाने नवे मार्ग सुरू झाले: संगमवाडी ते विश्रांतवाडी पुण्यात, सांगवी ते किवळे आणि नाशिक फाटा ते वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. २०१८ मध्ये दापोडी-निगडी मार्ग आला. गाड्या त्याच कंपनीच्या आणि चालक-वाहकही तिचेच. पण रस्ता महापालिकेचा. पिंपरी-चिंचवडचे रस्ते मुळात रुंद आखलेले होते, त्यामुळे राखीव मार्गिकेला जागा मिळाली आणि ती बऱ्यापैकी टिकली. पुण्यात मोटारींचा दाब वाढला तसा मार्गिकांवरचा रागही वाढला, आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरचा बीआरटीचा काही भाग उखडून टाकण्यात आला. बस चालवणाऱ्या संस्थेला रस्त्याबद्दलच्या निर्णयात शेवटचा शब्द नाही. मुळा ओलांडताना गाडीचे दार का बदलते, याचे उत्तर हे.

दोन महापालिकांमधला प्रश्न तरी दोघांत मिटवता येतो. खरी अडचण दोघांच्याही हद्दीबाहेर सुरू होते.

हिंजवडीचे आयटी पार्क घ्या. लाखो माणसे रोज तिथे कामाला जातात, आणि ती जागा हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायतींच्या परिसरात येते. म्हणजे राज्यातला सर्वांत गाजलेला रहदारीचा प्रश्न एमआयडीसी, ग्रामपंचायती, जिल्हा परिषद, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पोलीस यांच्यात वाटला गेला आहे. शिवाजीनगरहून तिथे जाणारी सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीए खासगी भागीदारीतून उभारते, तर शहरातली मेट्रो महामेट्रोची.

हद्दीही स्थिर नाहीत. २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, जून २०२१ अखेर आणखी २३. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. २०२४ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. हडपसरकडे जाणाऱ्या फुरसुंगीकराचा रस्ता यातल्या कोणत्याही आदेशाने बदलला नाही. त्याच्या बसच्या तोट्याचा धनी कोण, एवढेच बदलत राहिले.

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा एसटीच्या संपात झाली. २०२१ च्या अखेरीस राज्यभर एसटी थांबली, ती पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत नीट सुरू झाली नाही. पुणे जिल्ह्यातल्या गावांची कोंडी झाली तेव्हा पीएमपीने आपल्या गाड्या लांबवर नेल्या. ज्या गावात दिवसातून मोजक्या फेऱ्या होत, तिथे नियमित बस दिसू लागली. कॉलेजला जाणाऱ्या मुली, मंडईत भाजी आणणाऱ्या बायका, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार यांनी आपले दिवस त्या वेळापत्रकाला बांधले. संप मिटल्यावर, २०२२ च्या नोव्हेंबरपासून, यांतले बरेच ग्रामीण मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करून एसटीकडे देण्याचे ठरले आणि गावागावांतून विरोध झाला.

हिशेबाच्या बाजूने पीएमपीचे म्हणणे चुकीचे नव्हते. सकाळी गावातून गाडी खच्चून भरून येते, परतीला जवळपास रिकामी जाते. मधल्या वेळेत पंधरा-वीस किलोमीटरच्या फेरीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी तिकिटे फाटतात. ही तूट भरणार पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा करदाता, आणि गाव त्याच्या हद्दीत नाही. पण तीच बाई शहरात भाजी विकते, तोच कामगार शहराच्या कारखान्यात राबतो. ज्या महानगराला त्यांचे श्रम लागतात, त्याने त्यांच्या येण्या-जाण्याचा भारही उचलायला हवा. पुढे पीएमआरडीएने तुटीत आपला वाटा देण्याचे मान्य केले, हे योग्यच झाले. सात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेशाचे नियोजन करणाऱ्या आणि त्यातल्या बांधकामांवर विकासशुल्क घेणाऱ्या प्राधिकरणाची ती जबाबदारीच आहे.

भाड्याच्या तक्त्यातही हद्द दिसते. २०१४ नंतर थेट जून २०२५ मध्ये पीएमपीची भाडेवाढ झाली. पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये झाले. दोन्ही महापालिकांसाठी दिवसाचा पास ७० रुपये आणि पीएमआरडीएच्या सगळ्या क्षेत्रासाठी १५० रुपये. आधी एका महापालिकेचा, दोन्हींचा आणि बाहेरचा असे तीन वेगळे पास होते, त्यातला पहिला गेला. शहरांपुरती नदी पुसली गेली, हे चांगले. हद्दीबाहेरच्या माणसाला मात्र दुपटीहून जास्त मोजावे लागतात, आणि तो बहुधा कमी कमावणारा असतो.

मेट्रो आल्यापासून सांधे जुळवण्याचे काम आणखी वाढले. मार्च २०२२ मध्ये पहिले टप्पे सुरू झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये पिंपरीहून थेट स्वारगेटपर्यंत मेट्रो आली. स्वारगेटला आता एसटी, पीएमपी आणि मेट्रो हाकेच्या अंतरावर आहेत. शिवाजीनगरला उलटे घडले: मेट्रोच्या कामासाठी एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेले, आणि बाहेरगावच्या प्रवाशाला बोजे घेऊन पुढची गाडी शोधणे नशिबी आले. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल तर २०२० च्या जुलैत पाडावे लागले, कारण ते बांधताना वरून जाणाऱ्या मेट्रोचा विचार झालेला नव्हता. जनतेच्या पैशाने उभे राहिलेले पूल जनतेच्याच पैशाने पाडणे, ही वेगवेगळ्या कार्यालयांत बसून आखणी केल्याची किंमत आहे. लोणावळ्याची लोकल १९७८ पासून पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव जोडते. तिची आखणी रेल्वे करते, आणि तिच्या वेळांशी बसच्या वेळा आजही जुळत नाहीत.

अशा वेळी सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्यासाठी पुण्यात एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण आहे, त्याला पुमटा म्हणतात. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात अशा प्राधिकरणाची अट आहे. त्याच्या हाती स्वतःचा निधी आणि बंधनकारक निर्णयाचा अधिकार आला, तरच ते टेबल उपयोगाचे.

एकत्र येणे जमत नाही असे मात्र नाही. आषाढी वारीच्या प्रस्थानाला आळंदी आणि देहूकडे माणसांचा लोंढा निघतो. तेव्हा पीएमपी जादा गाड्या सोडते, पालखीच्या वाटेवरचे मार्ग वळवते, पोलीस, दोन्ही महापालिका, नगरपरिषद, जिल्हा प्रशासन यांच्या आधी बैठका होतात, कुठली गाडी कुठवर जाईल ते ठरते आणि तसेच घडते. जी यंत्रणा वारकऱ्यांसाठी हद्द विसरते, ती रोजच्या कामगारासाठीही विसरू शकते.

आज पीएमपीच्या ताफ्यात दोन हजारांच्या आसपास गाड्या आहेत, त्यांत ठेकेदारांच्या गाड्यांचा वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये भेकराईनगर आगारातून विजेवरच्या गाड्या सुरू झाल्या, आता त्या चारशेहून अधिक आहेत. रोज दहा लाखांच्या घरात माणसे या सेवेवर विसंबतात. महापालिकांची अंदाजपत्रके वर्षाच्या सुरुवातीला मांडली जातात. वाचक पुण्याचा असो की पिंपरी-चिंचवडचा, त्याने त्यातली पीएमपीच्या तुटीची तरतूद शोधावी आणि आपल्या नगरसेवकाला विचारावे की नव्या गाड्या किती, कधी आणि कोणत्या मार्गावर. हद्दीबाहेरच्या गावांनी ग्रामसभेत आपल्या मार्गाचा ठराव करून तो पीएमआरडीएकडे पाठवावा, आणि पीएमपीच्या संचालक मंडळावर गावांना जागा मागावी.