महाविद्यालयाचा परिसर कसा पाहावा?

बारावीचा निकाल लागला की समुद्रपूरच्या घराघरांतून एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे कोठे? मग माहितीपत्रके गोळा होतात. त्यांतील हिरवळ आणि उंच कमानी पाहून मुले हरखून जातात. वडील फीचा आकडा वाचून गप्प होतात. विद्यार्थी मित्रांनो, परिसर सुंदर असावा यात गैर काहीच नाही. परंतु तो नुसता पाहून भागत नाही, तो वाचता आला पाहिजे. एखादी संस्था आपल्याला काय शिकवणार, हे तिच्या भिंती आणि वाटा पहिल्या तासाच्या आधीच सांगत असतात. हे वाचन शिकावयाचे तर फार दूर जावयास नको. जामच्या चौरस्त्यावर वर्ध्याची एस. टी. धरा आणि एक दिवस सेवाग्रामला जाऊन या.

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर हे गाव आहे. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. बुलढाण्याकडच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली नाव बदलून सेवाग्राम झाले. आश्रमात शिरताच मोठाली झाडे दिसतात, अंगण स्वच्छ झाडलेले असते. पण बापूकुटीसमोर जरा थांबा. माती, बांबू आणि कवेलू, एवढेच तिचे सामान. आता विचारा, असे का?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो, हे तुम्हांस सांगावयास नको. मातीची जाड भिंत सावकाश तापते, त्यामुळे बाहेर ऊन कडाडले तरी आत पुष्कळ वेळ गारवा टिकतो. पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही, आणि तापलेली हवा कवेलूंच्या फटींतून वर निघून जाते. म्हणजे पाहा, पदार्थविज्ञानाचा एक धडा तिथे न बोलता उभा आहे! भिंतीवर मीराबहेननी ताडाची झाडे आणि चरखा मातीतच उठवले आहेत. सापाला न मारता धरून रानात सोडण्यासाठी केलेला पिंजराही तिथे ठेवलेला आहे. तोही एक धडाच, नाही का?

आश्रमाजवळच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी हे महाविद्यालय सुरू केले. कस्तुरबा रुग्णालय त्याच्याही आधीचे. खेड्यासाठी डॉक्टर घडवायचा तर त्याला खेड्यातच शिकवले पाहिजे, हा त्यामागचा विचार. म्हणून येथे नव्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस शवविच्छेदनाच्या दालनात जात नाहीत. ते आश्रमात जातात. प्रार्थना, सूतकताई आणि श्रमदान यांनी सुरुवात होते. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिराला राहते, घरोघर जाऊन माणसांची विचारपूस करते. त्या गावाशी तिचा संबंध पुढेही राहतो.

१९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने येथे एक आगळी योजना रुजली. सुगीच्या दिवसांत गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात वर्षभर दवाखान्याचा आधार मिळवायचा. ज्याच्या हाती रोकड नसते, पण खळ्यावर धान्य असते, अशा शेतकऱ्याची अडचण ज्यांनी गावात जाऊन पाहिली, त्यांनाच हे सुचणार. रुग्णालयाच्या दारात डोक्याला फडके बांधलेले म्हातारे आणि कडेवर लेकरू घेतलेल्या बाया दिसतील. तो या परिसराचाच भाग समजा.

तुमच्यापैकी फार थोड्यांना येथे प्रवेश मिळेल. देशभरातील मुलांशी स्पर्धा करावी लागते. पण ही पाहण्याची रीत तुम्ही हिंगणघाटला, वर्ध्याला, नागपूरला, कुठल्याही महाविद्यालयात बरोबर नेऊ शकता. कमानीपाशी फोटो काढून परतू नका. दुपारच्या वेळी ग्रंथालयात डोकवा : कपाटांना कुलपे आहेत की मुले पुस्तके चाळीत आहेत? प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर धूळ आहे की हातांचे ठसे? शेवटची एस. टी. किती वाजता सुटते आणि मुलींना थांब्यापर्यंत कशा वाटेने जावे लागते? पिण्याचे पाणी कोठे आहे? आणि हो, शिपायाशी, माळ्याशी दोन शब्द बोला. तिथल्या शिक्षकांविषयी त्यांना बरेच ठाऊक असते.

वडिलांना बरोबर न्या. फीचा आकडा त्यांना ठाऊक आहेच. त्या पैशाच्या मोबदल्यात काय मिळणार आहे, तेही त्यांना डोळ्यांनी पाहू द्या. मग घरी येऊन दोघे मिळून ठरवा.