'मूत्रल' आणि 'पाण्याची गोळी'

शरीरात प्रमाणाबाहेर द्रव साचण्याच्या अवस्थेस बोलभाषेत एक निश्चित नाव नाही. ग्रंथांत 'शोथ' व 'जलोदर' आहेत. घरी मात्र 'पाय सुजले', 'अंगावर पाणी चढले', 'छातीत पाणी झाले' असेच म्हटले जाते. ह्यांतील 'पाणी होणे' हा प्रयोग विशेष विचारार्ह होय. फुफ्फुसाच्या आवरणात साचलेला द्रव आणि दुर्बळ हृदयामुळे खुद्द फुफ्फुसात उतरलेला द्रव, ह्या दोहोंस तो सारखाच लावला जातो. पहिला सुईने काढता येतो, दुसरा येत नाही. 'डॉक्टर पाणी का काढीत नाहीत?' ही नातेवाइकांची तक्रार बहुधा ह्या संदिग्धतेतून उद्भवते.

चरकसंहितेत मूत्रप्रवृत्ती वाढविणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणास 'मूत्रविरेचनीय' म्हटले असून त्यात गोखरू, दर्भ, काश ही नित्य परिचयाची नावे आढळतात. आजचा 'मूत्रल' हा शब्द त्याच अर्थाचा, पण आटोपशीर आहे. आधुनिक मूत्रलांचा उगम मात्र एका तक्त्यात आहे. १९१९ साली व्हिएन्ना येथे उपदंशावर दिलेल्या पाऱ्याच्या संयुगामुळे रुग्णाचे मूत्र एकाएकी विलक्षण वाढले. आल्फ्रेड फोगल ह्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या ते ध्यानी आले, ते रोजच्या मूत्रमापनाच्या नोंदीमुळे. पुढे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायझाइड व १९६० नंतरच्या दशकात फ्युरोसेमाइड आल्यावर विषारी पारा मागे पडला.

फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातील हेन्लेच्या वळणात मिठाचे पुनःशोषण रोखते. मीठ बाहेर पडते आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते. म्हणजे लोक जिला 'पाण्याची गोळी' म्हणतात ती वस्तुतः मिठाची गोळी आहे! हा केवळ शब्दच्छल नव्हे. नावावर विसंबून रुग्ण पाण्याचे पेले मोजतो आणि सुके बोंबील, पापड, लोणचे निःशंकपणे खातो. 'मीठ खात नाही' ह्याचा त्याच्या लेखी अर्थ 'ताटात वरून मीठ घेत नाही' एवढाच असतो. मोहने येथे उल्हास नदीकाठची जुनी कुटुंबे आणि नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळे (तो २००९ साली बंद पडला) बाहेरून आलेली कामगार कुटुंबे शेजारी नांदत आली. अशा वस्तीत परिचारिकेने 'मीठ कमी करा' एवढेच सांगून भागत नाही. त्या त्या घरातील खारट पदार्थाचे नाव घ्यावे लागते.

पोटात घेतलेल्या फ्युरोसेमाइडचा परिणाम तासाभरात सुरू होऊन सुमारे सहा तास टिकतो. 'लॅसिक्स' ह्या व्यापारी नावातील 'सिक्स' तो हाच. म्हणून गोळी सकाळी द्यावयाची. रात्री दिल्यास झोपमोड होते आणि अंधारात उठताना वृद्ध रुग्ण पडतो. लोकलने लांब जावयाचे असेल त्या दिवशी गोळी टाळली जाते. तीऐवजी वेळ बदलता येईल काय हे डॉक्टरांस विचारावयास सांगावे. मूत्राबरोबर पोटॅशियमही जात असल्याने पोटऱ्यांत गोळे, अशक्तपणा किंवा छातीत धडधड होत असल्यास ते तत्काळ कळवावे लागते. उभे राहताच येणारी भोवळ रक्तदाब उतरल्याची सूचना असू शकते. ताणलेली, सुजलेली त्वचा लवकर फाटते. टाचा आणि माकडहाड ह्यांकडे म्हणूनच लक्ष हवे.

सर्वांत विश्वसनीय साधन वजनकाटा होय. सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी, तशाच कपड्यांत वजन घ्यावे. एक लिटर द्रव म्हणजे सुमारे एक किलो. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढ झाली, तर सूज डोळ्यांस दिसण्याची वाट पाहू नये.

राहिला नोंदीचा प्रश्न. मराठीत 'मोजणे' हे क्रियापद संख्या व परिमाण ह्या दोहोंस चालते. 'लघवी मोजून ठेवा' असे सांगितले असता नातेवाईक प्रामाणिकपणे 'पाच वेळा झाली' असे लिहितात, आणि तक्त्यातील मिलिलिटरचा रकाना रिकामाच राहतो. त्याऐवजी खुणांचे भांडे हाती देऊन 'दर वेळी ह्यात धरा आणि कोणत्या रेघेपर्यंत आली ते लिहा' असे सांगितले, तर तीच माणसे बिनचूक नोंद ठेवू शकतात.