डावी बाजू धरली, पुढे काय?

गाझियाबादच्या साहिबाबाद भागात अ‍ॅटलास सायकलींचा मोठा कारखाना होता. तो बंद पडला ३ जून २०२० ला. आणि ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन! मुहूर्त तरी कसला!

कारखाना गेला, सायकली मात्र रस्त्यावर आहेतच. गाझियाबादमधून जाणाऱ्या दिल्ली-मेरठ महामार्गाच्या कडेने डासन्यापर्यंत अडीच मीटर रुंदीचा सायकलमार्गही आखलाय. पण आखलेला मार्ग मोकळा मिळेलच असं थोडंच आहे? मोटारसायकलवाल्यांनाही तो तितकाच आवडतो!

‘डावी बाजू धरा’ हा नियम तुम्हाला पाठ असेल. पण डाव्या कडेलाच उभ्या गाड्यांची दारं फटकन उघडतात. तिथूनच उलट दिशेने ई-रिक्षा येते. म्हणून कडेला अगदी चिकटून न जाता, दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं.

त्याहून वाईट म्हणजे डावीकडे वळणारा ट्रक. का, ते अंगणात करून बघा. सायकलची चाकं ओली करा आणि सायकल हळूहळू डावीकडे वळवा. फरशीवर दोन ओल्या रेघा उमटतील. मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या रेघेच्या आत, म्हणजे डावीकडे सरकलेली दिसेल. ट्रकची पुढची-मागची चाकं एकमेकांपासून कितीतरी लांब असतात, त्यामुळे तो आणखी आत शिरतो. पुढचं चाक तुम्हाला चुकवून जातं, मागचं जाईलच असं नाही! त्यात ड्रायव्हर बसतो उजवीकडे, उंचावर. डाव्या दाराखालची सायकल त्याला दिसतच नाही. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. सिग्नलला त्याच्या डावीकडे घुसण्यापेक्षा मागे थांबलेलं बरं.

आणि जानेवारीतलं गाझियाबादचं धुकं? तेव्हा मागच्या लाल रिफ्लेक्टरची खरी परीक्षा. तो जवळून पाहिलाय का? आत बारीक-बारीक कोपरेच कोपरे असतात. कॅरमचा स्ट्रायकर कोपऱ्याजवळ दोन्ही फळ्यांना आपटून आल्या दिशेलाच परततो ना, तसा प्रकाश या कोपऱ्यांत आपटत जिथून आला तिकडेच परत जातो. म्हणूनच मागच्या गाडीवाल्याला तो चमकताना दिसतो. हीच युक्ती चंद्रावरही आहे बरं का! चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर ‘नासा’चा छोटासा परावर्तक बसवलाय. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘नासा’च्या यानाने त्यावर लेझर सोडला, आणि प्रकाश खरंच परत आला.

पण रिफ्लेक्टरकडे स्वतःचा उजेड नसतो. मागून दिवा न लावता ई-रिक्षा आली, तर तो बिचारा परत काय पाठवणार? आणि धुक्याचे थेंब हेडलाइटचा बराचसा प्रकाश वाटेतच विखरून टाकतात. म्हणून सायकलला मागे लाल आणि पुढे पांढरा, असे स्वतःच्या उजेडाचे दोन दिवे हवेतच.