मत्स्यालयातील दिवा विझतो तेव्हा

सालेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे, वनराजीने वेढलेले तालुक्याचे गाव. येथून रेल्वेने एका बाजूस आमगावमार्गे गोंदिया, तर दुसऱ्या बाजूस डोंगरगड गाठता येते. अशा गावी बैठकीच्या खोलीतील मत्स्यालयाचा दिवा बंद पडला, तर दुकानात बहुधा एकच उत्तर मिळते : याचे सुटे भाग येत नाहीत, नवीनच घ्या. मग जुनी पट्टी माळ्यावर जाते. कित्येकदा तिच्यासोबत मुलांचा उत्साहही मावळतो आणि काचेआडच्या जिवांकडे दुर्लक्ष होऊ लागते.

वस्तुतः नळीच्या दिव्याचे बहुतेक भाग घरातील ट्यूबलाइटसारखेच असतात. त्यामुळे ते मत्स्यालयाच्या दुकानापेक्षा विजेच्या सामानाच्या दुकानात सापडण्याचा संभव अधिक. आधी दोष ओळखावा. नळीची टोके काळवंडली असतील तर नळी संपली आहे. ती नुसतीच लुकलुकत असेल तर प्रथम स्टार्टर बदलून पाहावा. तो सर्वांत स्वस्त भाग. पट्टी हलविल्यावर दिवा लागत-विझत असेल तर होल्डर गंजले आहेत. पाण्याची वाफ आणि चातुर्मासातील दमट हवा यांचा पहिला घाव त्यांच्यावरच बसतो. नळी व स्टार्टर बदलूनही प्रकाश न आल्यास संशय चोकवर घ्यावा.

दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा. टी-८ नळी सुमारे २६ मिलिमीटर जाड असते व तिच्या दोन पिनांत १३ मिलिमीटर अंतर असते; टी-५ नळी १६ मिलिमीटर जाड, पिनांत अंतर ५ मिलिमीटर. चोकवरील वॉटचा आकडा नळीशी जुळलाच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक चोक असल्यास स्टार्टर नसतो, हेही ध्यानी ठेवावे. एलईडी पट्टीत पुष्कळदा दिवे शाबूत असतात आणि अडॅप्टर तेवढा निकामी होतो. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट व अँपिअर पाहावेत. प्लग काढल्याखेरीज पट्टीला हात लावू नये आणि जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

हे सुटे भाग पुढे दुर्मीळ होत जाणार आहेत. फ्लुरोसंट नळीत पारा असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून सहभागी आहे. त्या कराराच्या २०२३ मधील जिनिव्हा बैठकीत अशा नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबविण्याचे ठरले. म्हणून पट्टीचा सांगाडा चांगला असेल तर त्यात त्याच लांबीची एलईडी नळी बसवून घेणे श्रेयस्कर. तिची जोडणी वेगळी असते. खोक्यावरील आकृती वायरमनला दाखवावी. जुनी नळी फोडू नये, उकिरड्यावर टाकू नये. पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवावी आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी. पाऱ्याने दूषित झालेल्या पाण्यात किती जिवांची विराधना होते, हे श्रावकांना वेगळे सांगावयास नको.

येथेच हा विषय चोक-स्टार्टरपुरता राहत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील पहिलाच बंध, म्हणजे जिवाला अडकवून ठेवणे. त्या दृष्टीने नवे मत्स्यालय न आणणे हेच उत्तम. मात्र घरात ते आधीपासून असेल, तर मासे जवळच्या तलावात सोडणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. परक्या जातीचे मासे स्थानिक माशांचा घास हिरावतात. तलावांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात त्याची झळ ढीवर बांधवांच्या उपजीविकेलाही पोहोचू शकते. आहेत ते जीव अखेरपर्यंत सांभाळावेत आणि नव्यांची भर घालू नये.

दिवा विझल्याने मासे लगेच दगावत नाहीत. त्यांना हवा पुरविणारा पंप अधिक महत्त्वाचा, हे ध्यानात ठेवून दुरुस्ती शांतपणे करावी. पाणवनस्पती असल्यास मात्र प्रकाश फार दिवस बंद राहू नये. बहुतेक माशांना पापण्या नसतात, म्हणून त्यांना रात्रीचा अंधार हवाच. दिवसाचे आठ तास प्रकाश पुरेसा होतो. सूर्यास्तानंतर दिवा बंद ठेवला आणि पेटीवर झाकण असले, तर प्रकाशाकडे झेपावणारे पतंगही पाण्यात पडून मरत नाहीत.

एक स्टार्टर बदलून पट्टी पुन्हा उजळली तर वाचतात ते केवळ पैसे नव्हेत. वस्तू टाकून न देण्यात अपरिग्रहाचा संस्कार आहे, आणि आपल्यावर विसंबलेल्या मुक्या जिवाची काळजी घेण्यात अहिंसेचा. घरातील मुलांना हे दोन्ही एकाच वेळी शिकविता येतात.